शोरवा, नान आणि भाकरी : खानदेश, अफगाणिस्तान आणि अल्जीरियाच्या घरांतला स्वयंपाक

गेल्या रमजानच्या आधी आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "मिस, आपलं जेवण अफगाणी असतं ना? हॉटेलात अफगाणी चिकन मिळतं, ते आपलंच ना?" वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आपल्या मुलांना वाटतं की मुसलमानांचं जेवण म्हणजे बिर्याणी, कबाब आणि "अफगाणी", म्हणजे कुठून तरी बाहेरून आलेलं. आणि तोच मुलगा घरी दादीच्या हातची ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊन शाळेत येतो.

त्या दिवशी वर्गात जे तोंडी सांगितलं, ते इथे नीट मांडते आहे. आपल्या खानदेशी घरात काय शिजतं, अफगाण घरात काय शिजतं, दूर उत्तर आफ्रिकेतल्या अल्जीरियाच्या घरात काय शिजतं, आणि या तिघांत खरोखर सारखं काय आहे, ते यात आहे. शेवटी जळगाव-धुळ्याच्या बाजारात मिळणाऱ्या सामानातून करता येतील अशा तीन कृती दिल्या आहेत.

आधी गैरसमज दूर करू

हॉटेलातलं "अफगाणी चिकन" म्हणजे मलई, काजूची पेस्ट आणि दह्यात मुरवलेली कोंबडी. ती हिंदुस्थानी हॉटेलांची चीज आहे. काबूलच्या घरात हा पदार्थ शोधूनही सापडणार नाही. अफगाण घरी काजू-मलईची ग्रेव्ही नसते. तिथे कांदा, टोमॅटो, दही, सुका पुदिना, गाजर, मनुका आणि मेंढीचं गोश्त असतं, आणि तिखट अगदी कमी. आपल्या खानदेशी पाहुण्याला तिथलं जेवण पहिल्या घासाला फिकंच वाटेल.

खरं अफगाण जेवण चाखायचं असेल तर दिल्लीतल्या लाजपतनगर आणि भोगल भागात अफगाण नानबाईंच्या दुकानांतून लांब नान मिळतात. पुण्यातही कितीतरी वर्षांपासून अफगाण विद्यार्थी शिकायला येतात. ज्यांची मुलं पुण्यात शिकत आहेत, त्यांनी असा एखादा वर्गमित्र ईदला घरी बोलवावा. पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

खानदेशी मुस्लिम घराचा स्वयंपाक

खानदेश हे नाव फारुकी सुलतानांच्या काळाशी जोडलेलं आहे. मलिक राजा फारुकी याला १३७० साली फिरोजशहा तुघलकाने थाळनेरची जहागीर दिली. थाळनेर म्हणजे आजच्या धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठी. १३८२ च्या सुमारास तो स्वतंत्र झाला. हे घराणं स्वतःला हजरत उमर फारूक (रजि.) यांच्या वंशातलं म्हणवत असे. त्याचा मुलगा नसीरखान याने बऱ्हाणपूर वसवलं. १६०१ साली अकबराने अशीरगड घेतला आणि ही सल्तनत संपली. इंग्रजांच्या काळात १९०६ साली पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. नंदुरबार १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला.

इतका इतिहास सांगायचं कारण एकच. दरबार, फौज, सुफी, व्यापारी सगळे इथून गेले, पण ताटातलं धान्य जमिनीचंच राहिलं. तापीच्या काळ्या जमिनीत ज्वारी, बाजरी, उडीद, भुईमूग, कापूस होतो. म्हणून आपल्याकडे रोजचं जेवण भाकरीचं, आणि पुलाव-बिर्याणी दावतीची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं घालून केलेला काळा मसाला, त्यातलं तर्रीदार सालन, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी: हे हिंदू-मुसलमान दोघांच्याही घरात सारखंच. फरक सणांत दिसतो. मोहरमचा खिचडा, नियाजचा मलीदा, ईदचा शीरखुर्मा, लग्नातला दालचा हे आपले.

आपल्यातही सगळं एकसारखं नाही. यावल, रावेर, चोपड्याकडच्या सातपुड्यातले तडवी बांधव मुसलमान आहेत आणि आदिवासीही. त्यांच्या घरी रानभाज्या आणि भाकरी आपल्यापेक्षा जास्त. धुळे-मालेगावच्या मोमीन विणकरांचे पूर्वज उत्तरेतून आले, १८५७ नंतर तर मोठ्या संख्येने. त्यांच्या जेवणात उत्तरेची चव अजून आहे. रावेरच्या पलीकडे बऱ्हाणपूर लागलं की मोठमोठे, पातळ मांडे दिसतात. तिकडे दावतीत ते सालनाबरोबर खातात, आणि आपल्याकडे खापरावर तेच हात पुरणाचे मांडे करतात.

आणि हो, जळगावची केळी आणि जळगावचं भरताचं वांगं या दोघांनाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. भरीत म्हणजे गरिबाची भाजी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अफगाण घराचा स्वयंपाक

अफगाणिस्तान डोंगराळ, थंड आणि कोरडा मुलुख आहे. हिवाळ्यात बर्फ पडतो. म्हणून तिथला स्वयंपाक नान, दूध-दही, मेंढी आणि सुका मेवा यांवर उभा आहे.

काबुली पलाव : सगळ्यात मानाचा पदार्थ. कांदा चांगला तांबूस परतून त्यात गोश्त शिजवतात, त्या यखनीत तांदूळ दम देतात, वर साखरेत परतलेली गाजराची लांब कापं आणि मनुका. मसाला अगदी थोडा. मिरची नाहीच म्हणा ना.

मंतू आणि आशक : मैद्याच्या पातळ पारीत सारण भरून केलेले, मंतू वाफवून आणि आशक उकळत्या पाण्यात शिजवून. मंतूत खिमा-कांदा, आशकात गंदना ही कांद्याच्या पातीसारखी भाजी. वर लसणाचं घट्ट दही आणि सुका पुदिना. या घट्ट, पाणी काढलेल्या दह्याला ते "चक्का" म्हणतात. श्रीखंडासाठी आपण दही टांगतो, त्यालाही आपण चक्काच म्हणतो!

बोलानी : बटाटा किंवा गंदना भरून तव्यावर भाजलेली पातळ पोळी.

बोरानी बंजान : तळलेल्या वांग्याच्या चकत्या, टोमॅटो आणि लसणाचं दही असे थर.

शोरवा : गोश्त, बटाटा, काबुली चणे घालून केलेला पातळ रस्सा.

गोडात फिरनी, शीर-बिरंज (तांदळाची खीर), हलवा. नवरोजला हफ्त मेवा, म्हणजे सात प्रकारचा सुका मेवा पाण्यात भिजवून केलेलं गोड पाणी. चहा बहुतेक हिरवा, वेलची घातलेला.

जेवण जमिनीवर, चादर अंथरून. त्या चादरीला दस्तरखानच म्हणतात. आधी आफ्ताबा आणि लगन फिरवून पाहुण्याचे हात धुवून देतात. आपल्याकडच्या जुन्या घरांतली चिलमची आठवली ना?

एक गंमत. आपल्या वरणाला फोडणी देताना जो हिंग घालतो, तो पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने अफगाणिस्तान आणि आसपासच्या मुलखातून येत आला आहे. हिंदुस्थानात हिंगाच्या लागवडीचा पहिला सरकारी प्रयत्न ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलच्या लाहौल भागात झाला. म्हणजे आपल्या शेजारच्या काकूंच्या शाकाहारी आमटीतही अफगाणिस्तान आहे. आणि अफगाण माणूस स्वतः रोजच्या जेवणात हिंग फारसा वापरत नाही!

अल्जीरियन घराचा स्वयंपाक

अल्जीरिया उत्तर आफ्रिकेत, भूमध्य समुद्राच्या काठी. उत्तरेला समुद्र आणि जैतून, मध्ये गव्हाची शेतं, दक्षिणेला सहारा वाळवंट आणि खजूर. लोक अरब आणि अमाझिग (बर्बर). १८३० ते १९६२ फ्रेंचांचं राज्य होतं, म्हणून आजही तिथे घरोघरी रोज लांब फ्रेंच पाव येतो, आपल्याकडे सकाळी पाव-बटर येतो तसा.

कुसकुस : जाडसर गव्हाचा रवा परातीत घेऊन, पाणी आणि पीठ शिंपडत, तळहाताने फिरवून बारीक दाणे वळतात. चाळतात, वाळवतात. मग खाली भाजी-गोश्ताचा रस्सा उकळत ठेवून वर भोकांच्या भांड्यात हे दाणे दोन-तीनदा वाफवतात. जुम्म्याच्या नमाजानंतर घरात कुसकुस, ही तिथली रीत. २०२० साली अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया आणि मॉरिटानिया या चार देशांनी मिळून कुसकुसची नोंद युनेस्कोच्या वारसा यादीत करून घेतली. राजकारणात एकमेकांशी न पटणारे देश एका ताटासाठी एकत्र आले, हे मुलांना जरूर सांगावं.

चोरबा फ्रीक : रमजानमध्ये रोज इफ्तारला. फ्रीक म्हणजे हिरवा असतानाच कापून भाजलेला गहू. आपल्याकडे ज्वारीचा हुरडा आणि गव्हाच्या ओंब्या भाजतात, तोच प्रकार, फक्त ते तो वाळवून वर्षभर ठेवतात. पश्चिमेला ओरानकडे चोरब्याऐवजी हरीरा करतात.

बुरेक : पातळ पारीत खिमा भरून तळलेली सुरळी, समोशाची बहीण.

केसरा : रव्याची जाड भाकरी, मातीच्या तव्यावर भाजलेली. आपलं खापर आठवा.

शखशूखा : रोटी बारीक फाडून तिच्यावर गोश्त-चण्याचा रस्सा. बिस्क्रा, कॉन्स्टंटाइन भागातली खास.

हमीस : भाजलेली मिरची आणि टोमॅटो कुटून तेलात परततात.

लहम लहलू : रमजानमधला गोड पदार्थ. गोश्त, सुकं आलुबुखारा, दालचिनी, साखर.

बिस्क्रा भागातल्या तोल्गाची डेगलेट नूर खजूर जगभर जाते. मधाच्या रंगाची, उजेडात धरली तर आरपार दिसल्यासारखी. रमजानमध्ये खजुराच्या पाकिटावर देशाचं नाव वाचायची मुलांना सवय लावा. भूगोलाचा तो सगळ्यात गोड धडा आहे.

तिन्ही घरांत सारखं काय?

१. शोरवा. आपण म्हणतो शोरवा, अफगाण म्हणतात शोरवा, अल्जीरियन म्हणतात चोरबा. शब्द मुळात फारसी "शोरबा". एक शब्द तापीपासून भूमध्य समुद्रापर्यंत चालत गेला, आणि प्रत्येक घराने त्यात आपलं धान्य घातलं.

२. रस्स्यात कुस्करलेली रोटी. अफगाण घरात मोठ्या वाडग्यात नान फाडून त्यावर शोरवा ओततात आणि दोघे-तिघे एका वाडग्यात जेवतात. अल्जीरियात शखशूखा. आपण ज्वारीची भाकरी कुस्करून वर गरम शोरवा घेतो, मधे कच्चा कांदा. अरबांत यालाच सरीद म्हणतात, आणि नबी (स.) यांच्या काळापासून तो आवडीचा पदार्थ म्हणून ओळखला जातो. जिला आपण "गावठी" म्हणतो ती सवय किती जुनी आहे पाहा.

३. वाळवण. आपल्याकडे उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया मिळून शेवया वळतात, कुरडया आणि ज्वारीच्या बिबड्या घालतात. अल्जीरियात बाया मिळून कुसकुस वळतात. गोश्ताचंही तसंच. बकरीदनंतर आपण हळद-मीठ लावून गोश्ताच्या पट्ट्या दोरीवर वाळवतो. अफगाण लोक थंडीआधी मीठ-हिंग चोळून मेंढीचं गोश्त वाळवतात, त्याला लांदी म्हणतात. अल्जीरियात मीठ लावून वाळवलेल्या गोश्ताला गदीद म्हणतात. फ्रीज नव्हता तेव्हा तिन्ही ठिकाणच्या बायकांनी एकच अक्कल लढवली.

४. वांगं आणि मिरची. आपलं भरीत विस्तवावर भाजून, बोरानी तळून दह्यात, अल्जीरियात वांगी तळून गोश्त-चण्याच्या रस्स्यात. आणि हमीस तर आपल्या ठेच्याचा चुलतभाऊच, फक्त थंड स्वभावाचा.

वेगळं काय? आपली मिरची, काळा मसाला आणि ज्वारी. अफगाण आणि अल्जीरियन घर गव्हावर जगतं, आपण भाकरीवर. म्हणून त्या मुलाला मी उत्तर दिलं: तुझं जेवण अफगाणी नाही, खानदेशी आहे. पाहुणे बरेच आले, घर इथलंच.

करून पाहा : तीन कृती (पाच-सहा जणांसाठी)

काबुली पलाव
सेला बासमती अर्धा किलो, मटण पाऊण किलो, मोठे कांदे ३, गाजरं ३, मनुका अर्धी वाटी, साखर २ चमचे, तेल, मीठ, आणि जिरे, वेलची, लवंग, काळी मिरी यांची पूड दीड चमचा. तांदूळ दोन तास भिजत घाला. कांदा चांगला तांबूस परता (पलावाचा रंग यातूनच येतो, घाई करू नका), त्यात मटण परतून मीठ आणि चार वाट्या पाणी घालून कुकरला मऊ शिजवा. गाजराची लांब कापं थोड्या तेलात साखर घालून परता, शेवटी मनुका फुगेपर्यंत हलवा. तांदूळ मिठाच्या उकळत्या पाण्यात बोटचेपे करून निथळा. मोठ्या पातेल्यात मटण, वर तांदूळ, त्यावर मसाल्याची पूड आणि दीड वाटी यखनी. एका बाजूला गाजर-मनुका ठेवा. झाकण घट्ट लावून तव्यावर मंद आचेने २० ते २५ मिनिटं दम द्या.

चोरबा, आपल्या पद्धतीने
फ्रीक इथे मिळत नाही. त्याऐवजी गव्हाचा दलिया कोरडा, खमंग वास येईपर्यंत भाजून घ्या. मटणाचे छोटे तुकडे पाव किलो, कांदा १, किसलेले टोमॅटो ३, रात्रभर भिजवलेले काबुली चणे अर्धी वाटी, दलिया अर्धी वाटी, दालचिनीचा तुकडा, मिरपूड, मीठ. कांदा-मटण परता, टोमॅटो, चणे, दालचिनी आणि सुमारे दीड लिटर पाणी घालून शिजवा. मटण मऊ झालं की दलिया घालून आणखी १५ ते २० मिनिटं. वरून कोथिंबीर, पुदिना, लिंबू. रोजा सोडताना भज्यांपेक्षा पोटाला हलकं.

हमीस
जाड, कमी तिखट हिरव्या मिरच्या किंवा सिमला मिरच्या ४, टोमॅटो ३, लसूण ५ पाकळ्या, तेल २ मोठे चमचे, मीठ. मिरच्या आणि टोमॅटो भरताच्या वांग्यासारखे जाळावर भाजा, साल काढा, जाडसर कुटा. तेलात लसूण परतून पाणी आटेपर्यंत हलवा. ते जैतुनाचं तेल घालतात. शेंगदाण्याच्या तेलानेही बिघडत नाही. गरम भाकरीबरोबर खा.

शेवटी एक गृहपाठ

माझ्या नानीचा खिचडा सगळ्या मोहल्ल्यात नावाजलेला होता. किती गहू, किती डाळी, कोणती आधी, कोणती नंतर, विचारलं की ती म्हणायची, "अंदाज से, बेटा." मी तिची शिकलेली नात. बी.एड. केलं, शेकडो पाठांची टिपणं काढली, पण तो अंदाज कधी कागदावर उतरवला नाही. नानी गेली. आता आमच्या घरी खिचडा होतो, चांगलाही होतो, पण तो नानीचा नाही.

अल्जीरियाच्या बायकांची कुसकुस युनेस्कोच्या यादीत गेली, कारण कुणीतरी बसून लिहून काढली. आपलं ताट कुणी यादीत घालेल याची वाट कशाला पाहायची? वही आपल्याच घरात आहे. या सुट्टीत मुलांना घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईपाशी बसवा आणि हे पाच प्रश्न विचारून लिहायला लावा:

१. हा पदार्थ तुम्ही कुणाकडून शिकलात, आणि त्या कोणत्या गावच्या होत्या?
२. तो कोणत्या दिवशी आणि कुणासाठी करायचे?
३. "अंदाज" म्हणजे किती? करत असताना वाटीने मोजून घ्या, नुसतं विचारू नका.
४. पूर्वी कोणतं धान्य, तेल, भांडं वापरायचे आणि आता काय बदललं?
५. बिघडला तर सावरायचा कसा?

उर्दूत लिहा, मराठीत लिहा, घरात जी बोली बोलता तिच्यात लिहा. स्पेलिंगला मार्क नाहीत. फक्त वरती तारीख आणि सांगणारीचं नाव विसरू नका.